अण्णांची ॲम्बॅसॅडर: मागचे पाटे आणि चार टायर

गाडी हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर १८०० आयएसझेड, १९९८ ची, पेट्रोल, एमएच-१३ पासिंग. मालक सोलापूरच्या पूर्व भागातले टॉवेलचे कारखानदार, वय सत्तरीच्या घरात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. तक्रारी तीन. पाच माणसं बसली की स्पीड ब्रेकरवर मागून आपटते. एकटा ड्रायव्हर असला की उडते. आणि तुळजापूर रोडला ट्रक शेजारून गेला की शेपूट हलवते. या गाडीत मागचा भार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, म्हणजे पाट्यांवर, असतो. उपाय अण्णांनी स्वतःच ठरवून आणला होता: "एक पाटा वाढवून टाकू की ओ सर. अन् मागं रुंद टायर हायतच, पुढंबी तसलेच घालू. विषय संपला."

मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन डिझाइन शिकवतो आणि जुन्या गाड्यांत हात घालण्याची खोड आहे, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. प्रत्यक्ष काम अण्णांच्या नेहमीच्या मिस्त्रीने आणि हैदराबाद रोडच्या एका पाटेवाल्याने केलं. मी मोजमापं घेतली, हट्ट धरला आणि काही ठिकाणी वाद घातला.

आधी गाडी कशी आहे ते

ॲम्बॅसॅडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५८ पासून बनू लागली आणि मे २०१४ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. मधल्या काळात इंजिनं बदलली. या गाडीत इसुझूचं १,८१७ सीसीचं आहे. पण सांगाड्याची तऱ्हा तीच राहिली. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे आडवं अखंड हाउसिंग (दोन्ही मागच्या चाकांमधलं एक्सलचं पोलादी आवरण) आणि त्याखाली दोन बाजूंना पाट्यांचे संच. बॉडी मोनोकॉक आहे. मिस्त्री लोक तिलाही "चेसिस" म्हणतात, पण ट्रकसारखी वेगळी चेसिस तिला नाही. पाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटला अडकतं तो बॉडीच्याच पत्र्याला जोडलेला असतो. म्हणजे तिथे गंज असेल तर पाट्यांवर खर्च करून उपयोग शून्य. म्हणून पहिलं काम मी हेच केलं: खाली शिरून, पोकर घेऊन, चारही ब्रॅकेटांभोवतीचा पत्रा टोचून पाहिला. पत्रा शाबूत होता. सोलापूरच्या कोरड्या हवेचे काही फायदे आहेत. ही गाडी रत्नागिरीत असती तर हे टिपण कदाचित वेल्डिंगवर लिहावं लागलं असतं.

पाट्यांत मात्र गोंधळ होता. डाव्या संचात एक पाटा उपरा निघाला. जाड, रुंदी जवळपास तीच, बहुधा जीपचा. कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजमध्ये डावी बाजू जास्त बसली म्हणून फक्त डावीकडे घातलेला. उजवीकडे मूळ संच तसाच, मुकाट्याने खचलेला. मागच्या टायरांची हकिगत याहून रंजक. २०५/६५ आर १५, म्हणजे जुन्या इनोव्हाचं माप, कुणीतरी काढून टाकलेले, अण्णांना स्वस्तात मिळाले. पुढे मात्र अजून ५.९० - १५ नायलॉन, म्हणजे तिरक्या धाग्यांचे जुन्या तऱ्हेचे टायर.

काट्यावर आणि टेपने

मार्केट यार्डाजवळ वजनकाट्यांची कमतरता नाही. कांद्याच्या गाड्यांची रांग नसेल अशी वेळ तेवढी साधायची. दुपारी गेलो. गाडी पूर्ण चढवून एकदा, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून एकदा. हेच पुन्हा पाच माणसं आणि डिकीत टॉवेलचे दोन गठ्ठे टाकून. काटेवाल्याला वाटलं आम्ही भंगारात काढतोय. मोकळ्या गाडीचं मागच्या एक्सलवर वजन ५१० किलो, भरलेल्या गाडीचं ८२०. काटा दहा-दहा किलोच्या पायरीने दाखवतो, पण आपल्या कामाला तेवढं पुरे.

या दोन आकड्यांवर पुढचं सगळं उभं आहे. माणसं-सामान चढल्यावर मागच्या एक्सलवर तीनशे किलोहून जास्त भर पडते, म्हणजे एकेका पाट्यावर दीडशेच्या वर. पुढच्या एक्सलला याच्या पावभरही फरक पडत नाही. पाच जणांची सेडान चालवताना मागचं सस्पेन्शन दोन वेगवेगळ्या गाड्यांचं काम करत असतं, एक मोकळी आणि एक भरलेली. दोन्हींना जमेल असा एकच कडकपणा निवडणं हीच मूळ अडचण आहे.

दुसरं माप उंचीचं. ते जमिनीपासून घेऊ नये. टायर वेगळा, हवा वेगळी, जमीन वाकडी, आकडा फसवतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा. उजवी बाजू डावीपेक्षा २२ मिलिमीटर खाली निघाली. हाउसिंग आणि बंप रबर (बॉडीखालचा रबरी ठोकळा, हाउसिंग शेवटी यालाच टेकतं) यांच्यातलं अंतर उजवीकडे मोकळ्या गाडीत ६८ मिलिमीटर. पाच माणसं बसली की मागचा भाग साधारण ७५ मिलिमीटर खाली येतो, हे सुस्थितीतल्या दुसऱ्या एका ॲम्बॅसॅडरवर मोजून घेतलं होतं. अडुसष्टातून पंचाहत्तर वजा करा: बंप रबर आधीच टेकलेलं. पुढचा खड्डा थेट बॉडीला. "मागून आपटते" याचा अर्थ एवढाच होता.

पाटा वाढवला तर

आता अण्णांचा उपाय. तो फक्त अण्णांचा नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, बसलेल्या गाडीला हेच औषध सांगतील. त्यामागचा समज असा की पाटे जुने झाले म्हणजे मऊ झाले, तेव्हा जोर वाढवायला हवा.

पण पोलाद तसं मऊ होत नाही. पाटा किती भाराला किती वाकेल हे ठरतं त्याच्या लांबी, रुंदी, जाडी, संख्येवर आणि पोलादाच्या लवचिकतेच्या गुणांकावर. हा गुणांक पंचवीस वर्षांत हलत नाही. गंजाने जाडी झिजली तर थोडा फरक पडतो, पण मुख्य बदल वेगळाच होतो: पाट्याची कमान उतरते. वर्षानुवर्षं भार घेऊन, आपटून, पोलादात कायमचा वाक राहतो. भारागणिक तो अजूनही पूर्वीइतकाच दबतो. दबायची सुरुवात मात्र खालच्या उंचीवरून होते. आजार उंचीचा आहे आणि औषध कडकपणाचं दिलं जातंय.

कडकपणा वाढवल्याने उंचीही थोडी वाढते हे खरं. म्हणूनच हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण किंमत पाहा. पाट्यांचा कडकपणा संख्येच्या प्रमाणात वाढतो, आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात. सहा मिलिमीटर जाडीच्या सहा पाट्यांत त्याच जाडीचा सातवा घातला तर कडकपणा एक षष्ठांशाने, म्हणजे सतराएक टक्क्यांनी वाढेल. पण आठ मिलिमीटरचा जीपचा पाटा घातला तर तो एकटा अडीच पाट्यांच्या जवळपास काम करतो: आठ भागिले सहा, त्याचा घन, २.३७. संचाचा कडकपणा चाळीस टक्क्यांनी वर. हा हिशेब मी अण्णांना कारखान्यातल्या कच्च्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. अण्णांचा आकड्यांवर विश्वास आहे, धंदाच तो आहे. ते म्हणाले, "म्हणून डावीकडनं उडती व्हय."

म्हणूनच. गाडीचा मागचा भाग स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली व्हायला बघतो, ते भाराखाली स्प्रिंग किती दबलीय यावरून काढता येतं. या गाडीच्या मूळ पाट्यांवर मोकळेपणी तो आकडा दीडच्या थोडा वर येतो, भरल्यावर १.२ च्या आसपास. माणसाला एक ते दीडच्या दरम्यानचं डोलणं मानवतं. जीपच्या पाट्याच्या बाजूला मोकळ्या गाडीत हाच आकडा १.९ च्या जवळ गेला होता. म्हणजे एका बाजूची लय वेगळी, दुसऱ्या बाजूची वेगळी, आणि मधे एकच अखंड हाउसिंग. दोन्ही चाकं एकाच आडव्या गतिरोधकावर चढली तरी गाडी सरळ उठत नव्हती, डावीकडून फेकली जात होती. एका बाजूला पाटा वाढवणं हे चपलेच्या एकाच पायाला जाड टाच मारण्यासारखं आहे.

आणखी एक भानगड. एकत्र बांधलेले पाटे एकत्र वाकतात, वाक जवळपास सारखाच. पण त्याच वाकाला जाड पाट्यात ताण जास्त बसतो. उपरा पाटा स्वतः लवकर थकतो, आणि त्याची टोकं शेजारच्या पातळ पाट्यावर एकाच जागी दाब देतात. संच सोडवल्यावर हे प्रत्यक्षच दिसलं: जीपच्या पाट्याच्या टोकाखाली शेजारच्या पाट्यावर नखभर खोल चर पडला होता.

तेव्हा ठरलं ते असं. संख्या मूळची, जाडी मूळची, दोन्ही बाजू एकसारख्या, आणि कमान पूर्ववत. जास्त माल न्यायचा असेल तर टेम्पो बोलवायचा. ही शेवटची अट अण्णांनी ऐकून घेतली, मान्य केली असं म्हणता येणार नाही.

पाटेवाल्या चाचांकडे

हैदराबाद रोडला, यार्डाच्या अलीकडे-पलीकडे, ट्रकचे पाटे करणारी दुकानं आहेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते चाचा तीस-चाळीस वर्षं हेच करतात. मी आकडेमोड सांगायला लागलो तर त्यांनी मधेच तोडलं: "पाटा बसतंय सर, ढिल्ला नै होत. नवीन पोरं हैत ना, ते पाटा टाकून देतेत, कमान बघतच नैत."

मिस्त्रीने गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, हाउसिंगला वेगळा जॅक दिला आणि पाट्यांचा संच हाउसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट कापून काढले. कापायलाच हवेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. तो आधीच थोडा लांबलेला असतो आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. संच सोडवून पाटे एकेक ब्रशने घासले आणि उन्हात रांगेत मांडले. उजव्या मेन पाट्याच्या (सर्वांत लांब, टोकं बॉडीला अडकणाऱ्या पाट्याच्या) मधल्या सेंटर बोल्टच्या भोकातून केसासारखी चीर निघाली होती. या जागी चीर पडण्याचं कारण बहुतेक वेळा सैल यू-बोल्ट. यू-बोल्टची पकड घट्ट असते तोवर पाट्याचा मधला भाग वाकतच नाही; सैल झाली की नेमका भोकाशी, जिथे पोलाद सर्वांत कमी, तिथे वाकायला लागतो. हा मेन पाटा तुटला असता तर हाउसिंग एका बाजूने मागे सरकलं असतं. तुळजापूरच्या घाटात असं व्हावं हा विचारही नको.

इथे दोन रस्ते होते. जुने पाटे पुन्हा कमान चढवून वापरायचे किंवा नवीन करून घ्यायचे. कमान चढवण्याचेही दोन प्रकार चालतात. एक थंड्यावर, ऐरणीवर हातोड्याने ठोकत. हा स्वस्त, पटकन होतो, आणि थोडा उतार असेल तर वाईटही नाही. पण हातोड्याचे घाव पाट्याच्या ताण घेणाऱ्या बाजूवर बसले तर तिथूनच पुढे चिरा सुरू होतात. दुसरा भट्टीत तापवून. यात खरी मेख आहे. स्प्रिंगचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं असतं. ते साडेआठशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान तापवून तेलात विझवावं लागतं, आणि मग पुन्हा साडेचारशे-पाचशेच्या आसपास तापवून टेम्पर करावं लागतं. नुसतं लाल करून वाकवलं आणि हवेत गार होऊ दिलं तर पाटा दिसायला झकास कमानदार आणि आतून मऊ. पावसाळा संपायच्या आत सपाट. पाण्यात विझवलं आणि टेम्परच केलं नाही तर काचेसारखा, एका खड्ड्यात दोन तुकडे. भट्टीवाल्याला "विझवता कशात?" एवढाच प्रश्न विचारावा. उत्तरावरून बाकीचं कळतं.

चाचा तेलात विझवतात, टेम्परही करतात. तरीही मेन पाट्याला चीर आणि शेजारच्याला चर पडलेला असताना जुन्यावर जीव टाकण्यात अर्थ नव्हता. दोन्ही बाजूंचे पूर्ण संच नवीन पट्टीतून करायचे ठरले. नमुना म्हणून चाचांनी उजवा संच घेतला, कारण त्यात भेसळ नव्हती. कमान किती द्यायची यावर थोडी चर्चा झाली. त्यांचा कल नेहमीच्या सवयीने जास्त कमानीकडे होता: "थोडी चढवतो, मग बसती हळूहळू." नवीन संच पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो हे खरंच आहे. कारखान्यात याच कारणासाठी नवीन पाटे एकदा पूर्ण दाबून मोकळे करतात. चाचांच्या प्रेसवर तेच केलं, बसायचं तेवढं तिथेच बसवलं, आणि मग अपेक्षित उंचीला जुळणारी कमान ठेवली.

मागून गाडी गरजेपेक्षा उंच करू नये याला दिसण्यापलीकडची कारणं आहेत. मागचा भाग उचलला की पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो, स्टेअरिंग हलकं आणि बावरट होतं, सरळ रेषेत परत यायला कां-कूं करतं. शिवाय गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा, कोन बदलतो आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांऐवजी रस्त्यात पडतो. शेवटचा परिणाम लोकोपयोगी आहे, पण आपल्याला रस्ता लांबचा दिसायला हवा.

पाट्यांच्या मधे जोडणीच्या वेळी ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात दिला, बस. वरून पुन्हा पुन्हा ग्रीस मारत राहिलं की सोलापूरची धूळ त्यात बसते आणि घासायची पेस्ट तयार होते.

बुश आणि शॉकअप

वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की खालून जळकं ऑइल आणि डिझेल फवारून देतात. गाडी चकाकते, गंज लागत नाही, ग्राहक खूश. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या हलत्या कडीचे) रबर बुश मात्र या तेलाने फुगतात आणि लिबलिबीत होतात. अण्णांच्या गाडीचे बुश बोटाने कोरून काढता येत होते. शेपूट हलण्याच्या तक्रारीत यांचा वाटा मोठा होता: हाउसिंगला जागेवर धरणारं दुसरं काही या गाडीत नाहीच, पाटे आणि त्यांचे बुश हेच काय ते. बुश ढिले म्हणजे मागचा एक्सल स्वतःच्या मर्जीने थोडाथोडा वळणार. नवीन बुश घातले आणि ड्रायव्हरला फवाऱ्याची सक्त मनाई केली.

बुश घालताना एक गोष्ट हमखास चुकते. गाडी घोड्यांवर, हाउसिंग लोंबकळलेलं, आणि तेव्हाच मिस्त्री पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या भोकाचे) आणि शॅकलचे बोल्ट आवळून टाकतो. मग गाडी खाली आली की प्रत्येक रबर कायमचं पिळलेलं राहतं. उंची खोटी दिसते आणि बुश वर्षभरात फाटतात. बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागे दोन-चारदा दाबून हलवायची, आणि मग खाली शिरून आवळायचे. खड्डा असलेलं गॅरेज असेल तर सोपं. आमच्या मिस्त्रीकडे खड्डा होता; तरी तो पुटपुटलाच.

शॉकअप दोन्ही गेले होते. एकावर तेलाचा ओघळ, दुसरा हातात घेऊन ओढला तर रिकाम्या सिरिंजसारखा. नवीन घेतले, साधे, तेलाचे. अण्णांना गॅसवाले हवे होते. त्याला हरकत काही नव्हती, पण पाटे मूळ कडकपणाचे ठेवल्यावर मूळ मापाचे शॉकअप पुरतात. कडक पाट्यांवर मात्र ते अपुरे पडले असते. गाडी उडत राहते ती बहुतेक वेळा याच बेबनावामुळे. आपल्याकडे हा मुद्दा जास्त जाणवतो, कारण सोलापूरभोवती काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा एकदाच बसतो. लाटांची रांग मात्र गाडीला तालात धरते, आणि तो ताल मोडणं हे शॉकअपचंच काम. अक्कलकोट रोडचे जुने पट्टे ज्यांना आठवतात त्यांना हे सांगायला नको.

टायर

पाट्यांचा वाद चार दिवसांत मिटला. टायरांचा जास्त चालला. रुंद टायर म्हणजे भारी टायर, हे अण्णांचं मत त्यांच्या मुलाचंही आहे आणि टायरवाल्याचंही.

या गाडीच्या मूळ डिस्क, म्हणजे टायर ज्यांवर बसतो त्या चाकांच्या रिम, अरुंद आहेत. आम्ही मोजली ती साडेचार इंची भरली. २०५ रुंदीच्या टायरला किमान साडेपाच इंची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर तो बसतो, हवाही धरतो, म्हणून लोकांना वाटतं झालं. प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही भिंती आत खेचल्या जातात आणि मधला पट्टा फुगतो. अण्णांच्या मागच्या टायरांची नक्षी मधे संपत आलेली आणि कडेला नवीकोरी होती. वळणावर असा टायर डिस्कवर आडवा झुलतो. ट्रक शेजारून गेला की गाडी डोलायची त्यात बुशइतकाच या झुलण्याचाही हात होता. त्यातून हे टायर ट्यूबलेस, आणि डिस्क जुन्या तऱ्हेच्या, ज्यांच्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नाही. म्हणून आत ट्यूब घातलेली.

बाजूवर चार आकडे होते: २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी असो नसो, या वयाचं रबर मे महिन्यातल्या हायवेवर नेऊ नये. पारा चाळिशीच्या वर असताना डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. अण्णा म्हणाले, "दिसतंय की चांगलं." बाजूच्या भिंतीवर बोट दाबून त्यातल्या बारीक भेगा दाखवल्या, तेव्हा गप्प झाले.

पुढे नायलॉन आणि मागे रेडियल (मापातल्या 'आर १५' मधला आर तोच) ही जोडी शास्त्रात चालवून घेतली जाते. उलटी, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे नायलॉन, कधीच नाही. तिच्यात मागची चाकं आधी पकड सोडतात आणि गाडी गोल फिरते. एकाच एक्सलवर दोन जाती तर मुळीच नकोत. पण चालवून घेतलं जातं म्हणून मुद्दाम तसं ठेवावं असं नाही. चारही रेडियल, एकाच मापाचे, हे पक्कं झालं.

माप कुठलं? जुन्या नायलॉनचा बाहेरचा व्यास ६६५ मिलिमीटरच्या आसपास. मीटर, गिअर, मडगार्ड सगळं त्याला जुळवलेलं. २०५/६५ चा व्यास ६४७ येतो, जवळपास पावणेतीन टक्के कमी. बाजारात सगळीकडे मिळणारा १९५/६५ आणखी लहान, ६३४, आणि त्यालाही रुंद डिस्क हवी. १७५/८० आर १५ चा हिशेब करा: १७५ चे ऐंशी टक्के १४०, दुप्पट २८०, त्यात पंधरा इंचांचे ३८१. बेरीज ६६१. साडेचार इंची डिस्कवर बसतो. लोड इंडेक्स ९०, म्हणजे टायरमागे ६०० किलो. काट्यावरच्या ८२० चे अर्धे ४१०, भरपूर वाव. टायरवाल्याने "हे कोण घेतं आता" म्हणत मागवून दिले. तारखा बघून घेतले. ट्यूब नव्या, रेडियलसाठीच्या. नायलॉनच्या जुन्या ट्यूब रेडियलमध्ये घालू नयेत, रेडियलच्या भिंती जास्त लवतात आणि ट्यूब घासून जाते.

मधे अण्णांच्या मुलाने अलॉय आणि रुंद टायरचा पर्याय काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला उभं राहायचं असतं. तिथे इन्स्पेक्टरशी वाद घालण्यात कुणाला रस आहे? मूळ डिस्क साफ करून, रंगवून, बॅलन्सिंग करून लावल्या. एक किंचित वाकडी निघाली, ती स्टेपनीला टाकली.

हवा: मोकळी गाडी असताना पुढे-मागे ३० पीएसआय, पाच जण आणि सामान असेल तर मागे ३४. सकाळी, टायर गार असताना. तिसाचा गार टायर दुपारी हायवेवर पस्तीस दाखवेल, आणि तो तसाच दाखवायला हवा. पेट्रोल पंपावरचा पोरगा "जास्त झाली काका" म्हणून हवा सोडू लागला तर त्याला थांबवायचं, कारण गरम टायरमधून सोडलेली हवा रात्री कमी पडते आणि कमी हवेचा टायर दुसऱ्या दिवशी आणखी तापतो. नायट्रोजनचं विचारलंत तर, साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के तोच आहे.

जोडल्यानंतर

मोकळ्या गाडीत हाउसिंग ते बंप रबर अंतर दोन्ही बाजूंना ११० मिलिमीटर, डाव्या-उजव्यात बोटभरही फरक नाही. पाच जण आणि गठ्ठे टाकून पुन्हा मोजलं: ३५ शिल्लक. पाटे पूर्वीइतकेच मऊ, तरी आपटणं बंद. पुढची टॉर्शन बार थोडी फिरवून उंची मागच्याशी जुळवली, मग अलाइनमेंट, मग रात्री भिंतीसमोर उभी करून हेडलाइट खाली-वर.

तुळजापूरच्या रस्त्याला अण्णांसोबत गेलो. तामलवाडीच्या टोलनाक्यापुढे एका कंटेनरने ओव्हरटेक केलं तेव्हा अण्णांनी सवयीने स्टेअरिंग घट्ट धरलं आणि गाडी काहीच बोलली नाही. घाटात मागे तीन माणसं असूनही शेपूट जागेवर. मोकळी चालवताना ती आजही नव्या सेडानइतकी गुळगुळीत नाही. जड हाउसिंग आणि पाटे आहेत, एका चाकाचा दणका दुसऱ्याला कळणारच. ते पाट्यांनी सुटणारं दुखणं नाही.

एक गोष्ट बिघडली, ती सांगायला हवी. पुढे रेडियल आल्यावर उभ्या गाडीचं स्टेअरिंग जड झालंय. चालताना कळत नाही, पण नवी पेठेत दोन रिक्षांच्या मधे गाडी घालताना अण्णांच्या खांद्याला कळतं. पुढे दोन पीएसआय वाढवून थोडं हलकं झालं, पूर्ण नाही. आता पार्किंगच्या वेळी ड्रायव्हर चालवतो, हायवेला अण्णा.

खर्चाचं म्हणाल तर चार टायर-ट्यूब सर्वांत महाग, त्यानंतर पाटे, मग शॉकअप. बुश आणि यू-बोल्ट किरकोळ, आणि गाडीच्या वागण्यातला मोठा हिस्सा त्यांचाच. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. नवीन पाटे एकमेकांवर बसतात तशी पकड थोडी सैल होते, आणि या वेळी ती पाव फेरा सैल झालीही होती. जीपचा पाटा अण्णांनी भंगारात देऊ दिला नाही. कारखान्याच्या फाटकाला अडसर म्हणून लावलाय.